उपनगरातली जुनी नगरपालिका: वय कसं ओळखायचं आणि 'धोकादायक' शेऱ्याचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका उपनगरात महानगरपालिका होण्याआधी स्वतंत्र नगरपालिका होती. तिची काळ्या दगडाची, तळमजला अधिक एक अशी इमारत अजून उभी आहे. पुढे पोर्च, वर कौलं, मागच्या बाजूला स्लॅबचा भाग. खाली करभरणा चालतो, वरचं सभागृह कुलूपबंद आहे. भिंतींना ओल आहे आणि नुकताच स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'धोकादायक' असा शेरा आला आहे. गावात सगळे तिला ब्रिटिशकालीन म्हणतात. ते सिद्ध कसं करायचं, आणि सिद्ध झालं तर इमारत वाचेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, आधी ते सोडवू. इमारत ब्रिटिशकालीन ठरली म्हणून ऑडिटचा शेरा बदलत नाही. आणि ती १९५५ची निघाली म्हणून तिचं महत्त्व संपत नाही, कारण वारसा यादीत जाण्यासाठी वयाबरोबर वास्तुशैली, सामाजिक इतिहास आणि त्या जागेचं सार्वजनिक जीवनातलं स्थानही पाहिलं जातं. तेव्हा 'ब्रिटिशकालीन' या एका शब्दावर सगळी लढाई लावू नका. तो शब्द खोटा ठरला तर बाकीचं म्हणणंही कुणी ऐकणार नाही. बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: जमीन कोणाच्या नावावर आहे, विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे, मूळ इमारतीतलं किती शिल्लक आहे. हे कागद हाती आल्याशिवाय कोणीही तुम्हाला ठाम उत्तर देऊ नये.

आधी इतिहासाची चौकट. नाशिक शहराची नगरपालिका १८६४ची. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली, तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आसपासची गावं तिच्यात विलीन झाली. म्हणजे तुमच्या इमारतीचं 'मुख्यालय' म्हणून आयुष्य फार तर १९८२पर्यंतचं. त्यानंतर ती विभागाचं कार्यालय झाली. एक घोळ इथे नेहमी होतो. देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅम्प छावणी परिषदेकडे, भगूरची नगरपरिषद वेगळी. जुन्या कागदात नुसतं 'देवळाली' दिसलं की तो कागद कोणत्या संस्थेचा ते आधी पाहा, नाहीतर छावणीच्या इमारतीचं साल आपल्या इमारतीला चिकटतं.

या उपनगरांची वाढ उशिराची आहे. १८६५च्या सुमारास थळ घाटातून रेल्वे वर आली आणि नाशिकरोडला महत्त्व आलं. १९२५च्या आसपास मुद्रांक छापणारी सरकारी सिक्युरिटी प्रेस आली. सातपूरची औद्योगिक वसाहत तर महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची. वस्ती वाढल्यावरच स्वतंत्र नगरपालिका होते आणि पैसा साठल्यावरच ती इमारत बांधते. त्यामुळे उपनगरातली दगडी नगरपालिका स्वातंत्र्याच्या आगेमागे किंवा नंतर बांधलेली असण्याची शक्यता बरीच असते. दगड पाहून लोक फसतात. आपल्याकडे काळा दगड हाताशी होता, पाथरवट होते, आणि पन्नाशीच्या दशकात सिमेंट मिळायची मारामार होती. तेव्हा दगडात बांधणं ही हौस नव्हती, सोय होती.

आता इमारत वाचायची कशी. सुरुवात मागच्या बाजूने करा. दर्शनी भाग नेहमी वयाने मोठा दिसावा असाच घडवलेला असतो. आणि एक नियम पक्का धरा: वापरलेली प्रत्येक वस्तू फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगते. दोन्ही बाजूंनी हद्द आवळत आणायची असते.

भिंतीची जाडी खिडकीच्या चौकटीपाशी मोजा. भार घेणारी दगडी भिंत साधारण १८ ते २४ इंच भरते. १५ इंचांहून पातळ भरली तर बहुधा विटेच्या भिंतीवर दगडाचा नुसता दर्शनी थर आहे. खऱ्या दगडी भिंतीत मधूनमधून दोन्ही अंगं धरणारे लांब दगड असतात, गवंडी त्यांना हेडर म्हणतात. बाहेरून ते लहान चौकोनी तोंडासारखे ठरावीक अंतराने दिसतात. ते दिसलेच नाहीत तर शंका घ्या.

मग दर्जांतला, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला मसाला. खिळ्याने खरवडून पाहा. चुन्याचा मसाला पांढुरका किंवा सुरखीमुळे (विटेच्या भुकटीमुळे) गुलाबीसर, त्यात चुन्याचे न विरघळलेले पांढरे ठिपके, आणि खिळ्याखाली भुगा होणारा. सिमेंटचा करडा आणि टणक. ॲसिड टाकून फेस आला म्हणजे चुना, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. मुरलेल्या सिमेंटच्या मसाल्यालाही फेस येतो, शिवाय वाळूत चुनखडी असेल तर तिलाही येतो. खात्री हवी असेल तर आतल्या बाजूचा २०-३० ग्रॅमचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. बाहेरच्या दर्जा नंतर कधीतरी सिमेंटने भरलेल्या असतात, म्हणून नमुना नेहमी खोलातून घ्यायचा, निदान दोन इंच आतून.

कौलं उलटून पाहा. मंगलोरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्यातल्या कौलावर '१८६५' हा आकडा दिसला की लोक आनंदाने तेच इमारतीचं साल धरतात. तो कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचा हा धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, म्हणून त्या नावाचं कौल असेल तर ते युद्धानंतरचं. कौलं वादळात, माकडांनी फुटतात आणि बदलली जातात. त्यामुळे एक कौल म्हणजे पुरावा नव्हे. छपराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीसेक कौलं पाहा आणि कोणतं नाव जास्त येतं ते टिपा.

छताला लोखंडी तुळया आणि मधे विटेच्या कमानी असतील तर तुळईच्या पोटावर किंवा कडेवर गिरणीचं नाव शोधा. डॉरमन लाँग, लॅनार्कशायर अशी विलायती नावं सापडतात. टाटांचं पोलाद १९१२पासूनचं, म्हणून टाटांची तुळई त्याआधीची असू शकत नाही. उलट विलायती तुळई मात्र १९३०मध्येही लागत होती.

मागच्या स्लॅबच्या भागात जिथे काँक्रीट सुटून सळई उघडी पडली आहे, तिथे सळई गुळगुळीत गोल आहे की पिळाची, ते पाहा. पिळाची सळई आपल्याकडे साठच्या दशकात रुळायला लागली. गुळगुळीत असेल तर तो भाग बहुतेक त्याआधीचा किंवा त्या सुमाराचा. विटेचं मापही बोलतं: ९ × ४॥ × ३ इंच जुनी, १९ × ९ × ९ सेंटीमीटर नंतरची. पण गावठी भट्टीने जुनं माप पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं, म्हणून यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

सर्वात बोलका पुरावा म्हणजे कोनशिला. तुमची रंगाच्या थरांखाली गेली आहे असं लिहिलंय. तिला तारेचा ब्रश, ॲसिड, ग्राइंडर लावू देऊ नका. रात्री अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. उजेड आडवा पडला की रंगाखालच्या अक्षरांच्या कडांची सावली पडते. चारही बाजूंनी टॉर्च फिरवत एकेक फोटो काढा. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओळी चार फोटो शेजारी ठेवल्यावर लागतात. त्यानंतरच, गरज पडली तर, रंग उतरवणारी पेस्ट एका कोपऱ्यावर वापरून पाहायची.

अक्षरं लागली की सालाइतकंच बाकीच्या शब्दांकडे पाहा. 'मुंबई राज्य' असेल तर १९५० ते १ मे १९६० यामधलं. 'मुंबई इलाखा' असेल तर आधीचं. अध्यक्षांच्या नावामागे 'रावबहादूर', 'रावसाहेब' असेल तर दगड बहुधा स्वातंत्र्यापूर्वीचा. 'नगरपरिषद' हा शब्द १९६५च्या अधिनियमानंतर कागदोपत्री रुळला. बोलताना सगळे नगरपालिकाच म्हणत राहिले. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधल्या तिथीला ७९. आणि भूमिपूजनाची शिला आहे की उद्घाटनाची, ते नीट वाचा. दोन्हींत कधी कधी पाच-सात वर्षांचं अंतर असतं, कारण मधे पैसे संपलेले असतात.

इथपर्यंतच्या गोष्टींवरून माझा अंदाज: पुढचा दगडी कौलारू भाग आणि मागचा स्लॅब वेगवेगळ्या वेळचे असतील. तसं असेल तर तो दोष नाही. नगरपालिकेचं काम कसं वाढत गेलं हे त्या जोडातच दिसतं.

या जातीच्या इमारतींची रचना ठरावीक आहे आणि ती कामातून आलेली आहे. तळमजल्यावर लोकांचं येणं-जाणं: घरपट्टी, पाणीपट्टी, जकातीचा हिशेब, जन्म-मृत्यूच्या नोंदी. म्हणून खाली लांब व्हरांडा आणि व्हरांड्यात उघडणाऱ्या खिडक्या. लोक बाहेर रांगेत, कारकून आत. अशा खिडकीची दगडी पट्टी पाहा, हात टेकून टेकून मधे गुळगुळीत झिजलेली असते आणि टोकांना पाथरवटाच्या छिन्नीचे घाव तसेच राहिलेले असतात. मूळ खिडक्या कोणत्या आणि नंतर फोडलेल्या कोणत्या, हे त्यावरून सहज कळतं. वर सभागृह, कारण खांबांशिवाय मोठी जागा फक्त कैचीखालीच, म्हणजे छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याखालीच मिळते. सागवानी कैची २५ ते ३० फुटांचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) आरामात पेलते. तळमजल्यावर तेवढा गाळा मोकळा ठेवला तर वरच्या मजल्याचा भार घ्यायला जड तुळया लागतात. पोर्चच्या डोक्यावर अध्यक्षांची खोली किंवा गच्ची, झेंडावंदनासाठी. जिना शक्यतो बाहेरच्या अंगाला, म्हणजे सभेला येणारे प्रेक्षक कार्यालयातून न जाता थेट गॅलरीत. तुमच्या इमारतीत हा जिना बंद केलेला आहे का ते पाहा. असेल तर तो पहिल्यांदा मोकळा करण्यासारखा आहे, कारण वरच्या मजल्याला बाहेर पडायचा दुसरा मार्ग त्यानेच मिळतो आणि आगीच्या नियमांचा प्रश्न अर्धा सुटतो.

आता ओल. छपराखालची ओल वेगळी, जोत्याकडून चढणारी वेगळी. वरून खाली ओघळ असेल तर पन्हळ आणि वळचण पाहा. जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत सरळ पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा (क्षार) असेल तर पाणी खालून येतंय. खालच्या ओलीचं कारण बहुतेक वेळा इमारतीत नसतंच, रस्त्यात असतं. पोर्चच्या पायऱ्या मोजा. पायऱ्या सारख्या उंचीच्या बांधलेल्या असतात, साधारण सहा इंचांच्या. सर्वात खालची दोन-तीन इंचच उरली असेल तर बाकीची डांबराच्या थरांखाली गेली आहे, आणि कदाचित तिच्याखाली आणखी एखादी. अडीच-तीन फुटांचं जोतं असं निम्मं गाडलं गेलं की पावसाचं पाणी रस्त्यावरून भिंतीकडे वळतं.

त्यावर गवंडी काय करतो? आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट. चुन्याची भिंत पाणी बाहेर सोडते ती दर्जांतून आणि गिलाव्यातून. तोंड बंद केलं की पाणी आणखी वर चढतं आणि दोन पावसाळ्यांत लोणा गिलाव्याच्या वरच्या कडेला निघतो. मग गिलावा आणखी दोन फूट वर नेतात. अशा भिंती पाहिल्या की ओलीने कुठे कुठे मुक्काम केला ते थरांवरून मोजता येतं.

क्रम उलटा हवा. आधी बाहेरचं पाणी तोडा: भिंतीलगत दीड-दोन फूट रुंद आणि एक ते दीड फूट खोल चर, पण पायाच्या तळापेक्षा वरच; त्यात छिद्रांचा पाइप १०० फुटांना एक फूट उतार देऊन, वर खडी. पेव्हर ब्लॉक भिंतीला टेकवायचे नाहीत. पन्हळींना दर ४०-५० चौरस मीटर छपरामागे एक चार इंची पाइप द्या आणि तो चरात न सोडता थेट गटारात न्या. मग आतला सिमेंट गिलावा काढा, एकदम सगळा नाही, खोलीमागून खोली. भिंतीला निदान एक कोरडा हंगाम मोकळी सोडा. दर्जा भरताना जुना मसाला दर्जाच्या रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच खोल खरवडायचा, तोही छिन्नीने. ग्राइंडरने दगडाच्या कडा कायमच्या जातात. मसाला एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग वाळू, किंवा ओलीच्या जागी एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. चुना विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. पिशवीतली पावडर भिजवून त्याच दिवशी लावली तर पापुद्रे सुटणारच, मग दोष 'चुना जुनाट पद्धत आहे' म्हणून चुन्यावर येतो. थर अर्ध्या इंचाच्या आत, वर ओलं गोणपाट सात ते दहा दिवस. नाशिकमध्ये हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळून भुसभुशीत होतो.

'धोकादायक' शेऱ्याकडे येऊ. अहवालाची पूर्ण प्रत मागा आणि कोणत्या चाचण्या केल्या ते पाहा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल एवढंच असेल तर त्या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. मागच्या स्लॅबला त्या लागू, पुढच्या दगड-चुन्याच्या भिंतीला नाहीत. चुन्याच्या दर्जावर हॅमर मारला तर आकडा कमी येणारच. त्याचा भिंतीच्या ताकदीशी संबंध नाही. दगडी भिंतीसाठी ओळंबा, भेगांवर काचेच्या पट्ट्या किंवा मोजपट्ट्या, भिंतीचं पोट पोकळ आहे का हे पाहायला छिद्रातून कॅमेरा, आणि गरज पडली तर फ्लॅट जॅक, म्हणजे सांध्यात चपटा जॅक घालून भिंतीवरचा दाब मोजणं. भेगेवरची पट्टी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा ठेवावी लागते. ऋतूप्रमाणे उघडझाप होणारी भेग वेगळी आणि एकाच दिशेने वाढणारी वेगळी.

स्वतः पाहण्यासारख्या दोनच जागा सांगतो. कैचीची टोकं भिंतीत जिथे बसतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज गेला तर टोक कुजलंय. ते कापून नव्या सागाचा जोड देता येतो, पूर्ण कैची बदलावी लागत नाही. आणि स्लॅब दगडी भिंतीला जिथे भिडतो तो जोड. दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, त्यामुळे तिथे उभी भेग असणं स्वाभाविक आहे; पुष्कळदा अहवालातला सर्वात भीतीदायक फोटो याच भेगेचा असतो.

वर्गवारीतही फरक आहे. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. नुसतं 'धोकादायक' लिहिलं असेल तर वर्ग कोणता ते लेखी विचारा. महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामाविषयी आहे आणि २६५-अ तीस वर्षांवरील इमारतींच्या तपासणीविषयी. तपासणी झाली म्हणजे पाडायचा आदेश झाला असं नव्हे. पुढचा आणि मागचा भाग यांचे स्वतंत्र शेरे मागणं ही तुमची पहिली मागणी असू द्या. मागचा स्लॅब खरोखरच गेलेला असू शकतो. तो वाचवण्याचा हट्ट धरू नका, पुढचाही हातचा जाईल.

कागदांसाठी: नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशा. माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, तीन गोष्टी नेमक्या नावानिशी मागा: स्थावर मालमत्ता नोंदवहीतली या इमारतीची नोंद, विलीनीकरणाच्या वेळची मालमत्ता हस्तांतरणाची यादी, आणि बांधकामाची मोजमाप पुस्तकं. 'इमारतीचा इतिहास द्या' असा अर्ज केला तर 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येतं. जुन्या नगरपालिकेच्या ठरावांची बाडं रेकॉर्ड रूममध्ये असतील तर इमारतीच्या खर्चाची मंजुरी, ठेकेदाराचं बिल, दगडाचा दर सगळं तिथे सापडतं. फार जुनी पानं मोडीत निघाली तर वाचणारे नाशिकमध्ये मिळतात. १८८३चं नाशिक गॅझेटियर जरूर पाहा, पण तुमच्या इमारतीसाठी नव्हे, तेव्हा तिथे काय नव्हतं ते कळण्यासाठी. मग वारसा यादीसाठीचं निवेदन. त्यात 'ब्रिटिशकालीन' ऐवजी जे दाखवता येतं तेच लिहा: स्वतंत्र नगरपालिकेचं सभागृह, मूळ रचना शाबूत, अमुक साल ते अमुक साल.

आणि एक काम आजच करा, कारण याला आदेश लागत नाही. कुलूपबंद सभागृहातल्या वस्तूंची फोटोसहित यादी करून पोच घ्या: अध्यक्षांची खुर्ची, सभासदांची बाकं, नगराध्यक्षांच्या नावांचा फलक, भिंतीवरचं घड्याळ, लाकडी मतपेटी असेल तर ती. इमारत रिकामी करायची वेळ आली की या गोष्टी निर्लेखनाच्या यादीत 'जुने फर्निचर, नग अमुक' म्हणून भंगारात निघतात, आणि नगराध्यक्षांच्या फलकावरची नावं व वर्षं दुसरीकडे कुठेही एकत्र लिहिलेली नसतात.